कळ येते, पण ती कळते कुणाला?

अंधारात पाणी प्यायला उठावं आणि पायाची करंगळी पलंगाच्या पायावर सणकून आपटावी, हे कधीच घडलं नाही असा माणूस विरळा. त्या वेळी एक गोष्ट लक्षात येते. दुखणं एकदम येत नाही, दोन हप्त्यांत येतं. आधी टोचल्यासारखं होऊन 'लागलं' एवढंच कळतं. मग क्षणभर आपण श्वास रोखून उभे राहतो, कारण पुढे काय येणार ते ठाऊक असतं. आणि मग ती खरी कळ मस्तकात जाते.

हा मधला क्षण का पडतो, हे शरीरशास्त्र नेमकं सांगू शकतं. करंगळीतून निघालेला निरोप दोन प्रकारच्या तंतूंमधून वर जातो. एका प्रकारावर चरबीचं पातळ वेष्टण असतं; त्यातून निरोप सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. दुसरे तंतू बारीक आणि बिनवेष्टणाचे असतात. त्यांतला वेग सेकंदाला साधारण १ मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा. पायापासून पाठीच्या कण्यापर्यंतचं मीटरभर अंतर कापायला त्या निरोपाला सेकंदभर लागतो. पुढे मज्जारज्जू, मग मेंदूच्या मध्यावरचा थॅलॅमस, आणि तिथून मेंदूच्या बाहेरच्या थरातले निरनिराळे भाग. कुठे लागलं याचा हिशोब एकीकडे होतो, किती असह्य आहे याचा दुसरीकडे.

ही साखळी कडीला कडी जोडत पार वरपर्यंत नेता येते. पण ती पूर्ण झाली तरी एक प्रश्न उरतो. यात दुखलं कुठे? तंतूला दुखत नाही. निरोप पुढे सरकतो तो सोडियमचे कण पेशीच्या आत शिरून, आणि यात दुखण्यासारखं काहीच नाही. मेंदूच्या पेशीजालाला तर वेदना ओळखणारे तंतूच नसतात. म्हणून रुग्ण जागा असताना, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूची शस्त्रक्रिया करता येते. दुखलं ते मला. आपण दुखण्याला 'कळ' म्हणतो आणि उमजण्याला 'कळणं'. कळ कशी येते ते विज्ञानाने सांगितलं. ती 'कळते' म्हणजे नेमकं काय होतं, आणि मेंदूच्या कारभारातून ते पुरतं उलगडतं का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

या चर्चेत निम्मा गोंधळ शब्दांचा असतो, तो आधी निस्तरू. सुदैवाने मराठीत यासाठी शब्दांची चणचण नाही. 'जाग' ही सगळ्यांत खालची पायरी. ती मेंदूच्या बुंध्यातल्या, मणक्यांच्या वर बसलेल्या छोट्याशा भागावर अवलंबून असते. 'शुद्ध' हा दवाखान्यातला शब्द : हाक मारली तर ओ देतो का, सांगितलं तर हात उचलतो का. 'भान' म्हणजे लक्ष कुठे आहे ते. ओळखीच्या रस्त्याने विचारात गढून गाडी चालवत आपण घरी पोचतो आणि मधले सिग्नल आठवत नाहीत. जाग होती, शुद्ध होती, रस्त्याचं भान मात्र नव्हतं. आणि 'जाणीव' म्हणजे या सगळ्याला आतून असलेली चव. लाल रंग लाल दिसणं, कळ बोचणं, आपण 'आपण' असल्यासारखं वाटणं.

या गोष्टी एकमेकींपासून सुट्या होऊ शकतात. मोठ्या अपघातानंतर काही रुग्णांचे डोळे उघडतात, झोपेचं आणि जागण्याचं चक्रही सुरू होतं, पण समोर कोण आहे याची कसलीही खूण चेहऱ्यावर उमटत नाही. जाग आहे, जाणीव आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. या रुग्णांकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्या वादाचं खरं वजन तिथेच आहे.

मेंदूशिवाय चालतं का?

माझ्यावर एकदा शस्त्रक्रिया झाली. भूलतज्ज्ञांनी शंभरपासून उलटे आकडे म्हणायला सांगितले. सत्त्याण्णवपर्यंत गेल्याचं मला आठवतं. त्यानंतरचा शब्द म्हणजे, 'डोळे उघडा, झालं.' मधे अडीच तास गेले होते. झोपेतून उठल्यावर वेळ गेल्याचं अंगाला कळतं, रात्र उलटल्याचं जाणवतं. इथे तसं काही नव्हतं. 'सत्त्याण्णव' आणि 'झालं' हे दोन शब्द एकमेकांना चिकटून आले. मधला मी अंधारात बसून वाट पाहत नव्हतो. मी नव्हतोच.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ देऊन शस्त्रक्रियेचं जाहीर प्रात्यक्षिक घडवलं, तेव्हापासून जाणीव घालवणं आणि परत आणणं हे माणसाच्या हातात आलं. आज प्रोपोफॉलसारखं औषध शिरेतून गेलं की काही सेकंदांत काम होतं. ते मेंदूतल्या पेशींच्या ठरावीक कुलपांत किल्लीसारखं बसतं आणि पेशी सुस्तावतात. पण मेंदू बंद पडत नाही. पेशी आपापसात कुजबुजत राहतात, दूरदूरच्या भागांमधला संवाद मात्र तुटतो. इटलीतल्या मार्चेल्लो मासिमिनी यांच्या गटाने हे फार सुंदर पद्धतीने दाखवलं. डोक्याबाहेरून चुंबकाचा एक ठोका द्यायचा आणि त्याचा पडसाद मेंदूत कसा पसरतो ते मोजायचं. जाग्या माणसात पडसाद लांबवर जातो, गुंतागुंतीची नक्षी उमटवतो. गाढ झोपेत किंवा प्रोपोफॉलच्या भुलेत तो तिथल्या तिथे विरतो, नाहीतर सगळीकडे एकसुरी घुमतो. केटामीन नावाचं औषध दिलं तर रुग्ण बाहेरून तितकाच निपचित पडलेला असतो, पण पडसाद जाग्या माणसासारखा गुंतागुंतीचा येतो. आणि शुद्धीवर आल्यावर हे रुग्ण सांगतात की आपल्याला स्वप्नं पडत होती! बाहेरून दिसणाऱ्या हालचालीपेक्षा मेंदूतली नक्षी जाणिवेशी जास्त इमान राखते, असा याचा अर्थ मी घेतो.

नुसती पेशींची संख्या मात्र कामाची नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळजवळ ६,९०० कोटी मागच्या छोट्या मेंदूत दाटीवाटीने बसलेल्या असतात. २०१४ साली चीनमधल्या एका २४ वर्षांच्या स्त्रीची तपासणी झाली तेव्हा आढळलं, की तिला हा छोटा मेंदू जन्मापासूनच नाही. चालणं डळमळीत, उच्चार जड, पण जाणिवेला धक्का नाही. म्हणजे प्रश्न पेशी किती हा नसून त्या एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत, हा आहे.

ही बांधणी तोडली तर काय होतं? मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा पट्टा असतो. फेफऱ्याचे झटके कशानेच आटोक्यात येईनात तेव्हा काही रुग्णांचा हा पट्टा कापला गेला. रुग्ण नंतर चालत, बोलत, हिशोब करत. वरवर काहीच बिघडलेलं दिसत नसे. रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी त्यांची बारकाईने तपासणी केली आणि या कामासाठी स्पेरींना १९८१ साली नोबेल मिळालं. पुढच्या काळात गॅझानिगांनी केलेला एक प्रयोग असा. डावा अर्धगोल बहुधा बोलतो आणि उजवा हात चालवतो. उजवा अर्धगोल डावा हात चालवतो, पण जवळजवळ मुका असतो. एका रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फाने वेढलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रं निवडायला सांगितली. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. फावडं बर्फ उपसायला, हे आपल्याला कळतं. पण बोलणाऱ्या अर्धगोलाने बर्फ पाहिलाच नव्हता. फावडं का निवडलंस, असं विचारल्यावर रुग्णाने न अडखळता सांगितलं, की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. अशा रुग्णांत जाणीव एक उरते की दोन, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. पण आपल्या आत बसलेला, सगळं जाणणारा, अखंड असा जो 'मी' आपण गृहीत धरतो, त्याला एका पट्ट्याच्या कापण्याने असा तडा जावा, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. मेंदू हा रेडिओसारखा असेल तर? रेडिओ फुटला की गाणं थांबतं, पण गाणं काही रेडिओत तयार होत नाही. तसं जाणीव दुसरीकडून येत असेल आणि मेंदू ती फक्त पकडत असेल. उपमा चांगली आहे, पण ती ताणून पाहिली की फाटते. रेडिओ बिघडला की खरखर येते, आवाज बारीक होतो. बातम्या देणाऱ्याचं मत बदलत नाही. मेंदूच्या बिघाडात नेमकं तेच बदलतं. काही इजांनंतर माणसाला स्वतःची आई हुबेहूब आईसारखीच दिसते, पण 'ही माझी आई नव्हे, कुणीतरी तोतया आहे,' याची त्याला पक्की खात्री वाटते. काहींना सगळं जग करडं दिसू लागतं, आणि रंग आठवणंसुद्धा अवघड होऊन बसतं. बिघाड आवाजात नाही, आशयातच आहे. शिवाय १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने, मन आणि शरीर वेगळी मानणाऱ्या देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाला पत्रातून विचारलेला प्रश्न आजही तसाच उभा आहे : आत्मा जर जागा व्यापत नाही, त्याला स्पर्श नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्तने बरीच उत्तरं लिहिली. तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही होत नाही.

अवलंबून असणं आणि उलगडणं

इथपर्यंत आल्यावर अनेक जण वही मिटतात. मेंदू बदलला की जाणीव बदलते, मेंदू थांबला की जाणीव थांबते, संपला विषय. मला ही घाई वाटते. जाणीव मेंदूवर अवलंबून आहे, हे एक विधान झालं. ती का आहे हे मेंदूवरून समजतं, हे दुसरं. पहिलं सिद्ध झाल्याने दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

पाण्याचं उदाहरण घ्या. पाणी वाहतं, भांड्याचा आकार घेतं. का? त्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, पण घट्ट नाही. ते एकमेकांवरून घसरतात. एवढं नीट कळलं की वाहणं समजावून सांगायला वेगळं काही लागत नाही. 'रेणू घसरतात ते कळलं, पण पाणी वाहतं का?' असं कुणी विचारलं तर त्याला पहिलं वाक्यच कळलेलं नाही, असं आपण म्हणू. कळेच्या बाबतीत मात्र तंतू, थॅलॅमस, पेशींच्या ठिणग्या सगळं सांगून झाल्यावरही 'पण दुखतं का?' हा प्रश्न वेड्यासारखा वाटत नाही. हेच सगळं काम आत कसलीच जाणीव नसताना, अंधारात, का होत नाही?

डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांनी १९९० च्या दशकात या फरकाला नाव दिलं. लक्ष कसं एकवटतं, आठवण कशी साठते, झोप आणि जाग यांत फरक काय, हे त्यांच्या भाषेत 'सोपे' प्रश्न. सोपे म्हणजे कशा प्रकारचं उत्तर हवं ते ठाऊक असलेले, मग उत्तराला शंभर वर्षं लागोत. जाणीव मुळात का आहे, हा 'अवघड' प्रश्न. मला इथे सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनाची आठवण होते. बुद्धी, अहंकार आणि मन या तिन्ही गोष्टी सांख्यांनी प्रकृतीच्या, म्हणजे जडाच्या खात्यात टाकल्या. विचार करणं, निवडणं, 'मी' म्हणणं ही सगळी जडाची कामं. बाजूला उरला तो फक्त पाहणारा, काहीही न करणारा पुरुष. सोप्या आणि अवघड प्रश्नांमधली रेघ त्यांनी जवळपास याच जागी ओढली होती. चार्वाकांनी तीच रेघ पुसली : किण्वातून, म्हणजे आंबवणातून, मद उपजतो तसं महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य उपजतं, त्याला वेगळा मालक नको. आजच्या वादातल्या दोन्ही बाजूंना हे जुने पक्ष अनोळखी वाटणार नाहीत.

भौतिकवादी, म्हणजे जाणीव हे जडाचंच काम मानणाऱ्या बाजूचं सगळ्यांत वजनदार उत्तर जीवशास्त्राच्या इतिहासातून येतं. एके काळी 'जीव' म्हणजे काय, हेही असंच गूढ होतं. जड पदार्थात कुठलीतरी प्राणशक्ती शिरल्याशिवाय सजीव बनत नाही, असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर यांनी सजीवाच्या शरीरात बनणारा युरिया प्रयोगशाळेत तयार केला. पुढे पेशी, विकरं, डीएनए उलगडत गेले आणि प्राणशक्तीची गरजच उरली नाही. तिला कुणी खोडून काढलं नाही, ती हळूहळू बिनकामाची झाली. जाणिवेच्या अवघड प्रश्नाचंही असंच होईल, असं पुष्कळ मेंदूशास्त्रज्ञांना वाटतं. मलाही आशा तीच आहे. पण दोन्हींत एक फरक आहे. जीवाच्या बाबतीत वाढणं, पुनरुत्पादन, जखम भरणं ही सगळी बाहेरून दिसणारी कामं समजावून सांगायची होती. जाणिवेच्या बाबतीत जे समजावून सांगायचं आहे ते बाहेरून दिसतच नाही.

काही तत्त्वज्ञ म्हणतात, हे 'आतून वाटणं' हाच मेंदूने स्वतःविषयी रचलेला भास आहे. मला हे पटत नाही. भास व्हायलाही कुणाला तरी भासावं लागतं. दुसऱ्या टोकाचे म्हणतात, जाणिवेचा अंश प्रत्येक कणातच आहे. मग कणाकणातल्या या अंशांचा मिळून एक 'मी' कसा होतो, हा प्रश्न पहिल्याइतकाच अवघड राहतो. अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या क्वांटम सिद्धान्ताला साकडं घालणारेही आहेत, पण मेंदूच्या उबदार, ओल्या गर्दीत त्या सिद्धान्तातल्या नाजूक अवस्था टिकाव्यात कशा, या आक्षेपाचं समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही.

प्रयोगशाळेत सध्या दोन मतं आघाडीवर आहेत. एक म्हणतं, मेंदूत असंख्य कामं नेणिवेत चालू असतात. त्यांतली एखादी माहिती जेव्हा साऱ्या मेंदूभर जाहीर होते, चव्हाट्यावर येते, तेव्हा ती जाणिवेत आली असं आपण म्हणतो. बर्नार्ड बार्स यांनी हे १९८८ साली मांडलं, स्तानिस्लास देहान यांनी वाढवलं. दुसरं जुलिओ तोनोनी यांचं : एखाद्या रचनेत माहिती जितकी एकजीव, तुकडे न पाडता येणारी, तितकी तिथे जाणीव. १९९८ साली जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कोख यांनी चाल्मर्सशी पैज लावली होती, की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कोख यांनी हार मानली आणि वाइन देऊन पैज फेडली. दोन्ही मतांच्या लोकांनी एकत्र बसून, कोणता निकाल कुणाच्या विरोधात जाईल ते आधीच लिहून ठेवून, २५६ जणांवर एक मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही मतांची काही भाकितं जुळली आणि दोघांचीही कळीची भाकितं चुकली. आपण कुठे चुकू शकतो हे आधी लिहून द्यायला धैर्य लागतं, आणि या क्षेत्रात ते आता आलं आहे.

खाटेशेजारी

आता त्या रुग्णांकडे. २००६ साली एड्रियन ओवेन यांच्या गटाने अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका २३ वर्षांच्या तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितलं, 'तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.' तिच्या मेंदूतला हालचालींची जुळवाजुळव करणारा भाग कामाला लागला. 'आता मनानेच आपल्या घरातून फिरून ये,' म्हटल्यावर जागेची ओळख ठेवणारे भाग उजळले. निरोगी माणसांत दिसतं अगदी तसंच. पाच महिने तिने कशालाही ओ दिली नव्हती.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितलेल्या गोष्टीला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत सूचनेप्रमाणे हालचाल आढळली. चारांत एक. जाणिवेचा अवघड प्रश्न सुटेपर्यंत थांबायला या माणसांना वेळ नाही. त्यांच्यासाठी मेंदूतली खूण पुरेशी आहे, कारण दुसरं काहीच हाताशी नाही. आणि अवघड प्रश्न सुटलेला नाही म्हणून खूण न सापडलेल्या बाकीच्या १८१ जणांच्या आत काही नाही, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

२०१० साली याच पद्धतीने एका तरुणाशी संवाद साधला गेला. अपघातानंतर पाच वर्षं तो निपचित होता. त्याला सांगितलं, उत्तर 'हो' असेल तर टेनिसची कल्पना कर, 'नाही' असेल तर घरातून फिर. मग वडिलांच्या नावासारखे साधे सहा प्रश्न विचारले. पाच उत्तरं बरोबर आली. सहाव्या प्रश्नाला दोन्ही भाग शांत राहिले. त्याला झोप लागली, प्रश्न ऐकू आला नाही, जाणीव मावळली, की उत्तर द्यायचं नाही असं त्याने ठरवलं? पडद्यावर या चारही गोष्टी सारख्याच दिसतात.